दगडी पाख्याची शाकारणी

जुनं दगडी छप्पर उतरवलं की कारागीर प्रत्येक कौल हातोडीने हलकेच वाजवून पाहतो. खणखणीत आवाज आला तर कौल ठेवायचं. बद्द आला तर आतले पापुद्रे सुटलेत, ते बाजूला. उरलेल्यांची मग लांबीप्रमाणे वर्गवारी होते. दोन फुटांपर्यंतची वळचणीला, पुढे प्रत्येक ओळ किंचित आखूड, आढ्यापाशी जेमतेम वीतभर.

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स भागातल्या शेतघरांचं रूप या हिशेबातून घडलं. चुनखडीच्या दगडाचं कौल जाड, ओबडधोबड. उतार कमी पडला तर पाणी आत शिरतं. म्हणून पाखं ५० अंशांच्या आसपास उभं ठेवतात. साहजिकच वर ऐसपैस माळा मिळतो: धान्याला, चीजला, गडीमाणसांना निजायला. त्याला उजेड हवा, म्हणून भिंतीच त्रिकोणी होऊन खिडक्यांसह छपरात चढतात. पाणी खाली येताना वाढतं; तिथे मोठी कौलं, म्हणजे सांधे कमी आणि जड भार थेट भिंतीलगत. प्रत्येक कौल ओकच्या खुंटीने रिपेला अडकतं.

थेम्सजवळच्या केल्मस्कॉट गावातलं असंच एक शेतघर विल्यम मॉरिसने १८७१ मध्ये भाड्याने घेतलं. छपरावरच्या लहान होत जाणाऱ्या ओळींवर त्याचा जीव होता. १८७७ मध्ये त्याने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. दरजा चुन्यानेच भराव्यात, हा तिचा आजही आग्रह आहे. सिमेंट ओल कोंडून धरतं आणि अखेर दगडच फुटतो.

ही कौलं फोडायची थंडीने. ऑक्सफर्डशरमधल्या स्टोन्सफील्डला खाणीतला दगड हिवाळ्यापर्यंत ओला जपत. कडाका पडला की रात्री चर्चची घंटा वाजे आणि गावकरी दगड उघड्यावर पसरायला धावत. आतलं पाणी गोठलं की थर सुटत. याच दगडात मेगॅलोसॉरसची हाडं सापडली. १८२४ मध्ये विल्यम बकलंडने त्यांचं वर्णन केलं आणि शास्त्रीय नाव मिळालेला तो पहिला डायनासोर ठरला.

स्टोन्सफील्डच्या खाणी विसाव्या शतकाच्या आरंभी थांबल्या. हिवाळेही आता तेवढे कडक राहिले नाहीत. नॉर्दम्प्टनशरच्या कॉलीवेस्टन दगडावर मात्र उपाय सापडला आहे: ओला दगड शीतयंत्रात पुन्हापुन्हा गोठवायचा आणि वितळू द्यायचा. अशी फोडलेली कौलं ॲपथॉर्पच्या जुन्या वाड्यावर बसली आहेत, जुन्याच रीतीने, मोठ्यापासून लहानापर्यंत.