होडीतली बैठक आणि आपले गुडघे

वज्रासन आपल्याला नवे नाही. जेवणानंतर पाच-दहा मिनिटे त्यात बसावे, असे घरोघरी सांगितले जाते. पण तासभर तसेच बसून खळाळत्या पाण्यात वल्हे मारायचे म्हटले तर? कॅनो नावाच्या होडीत जवळपास हेच करावे लागते. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात. कॅनोमध्ये गुडघे टेकून.

आपल्या जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालते. तिथे गोडी लागलेले काही तरुण पुढे कयाक-कॅनोकडे वळतात. २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धेतील कॅनो स्लॅलमच्या शर्यती महेश्वरला नर्मदेवर झाल्या. ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठी स्लॅलममधला कॅनो प्रकार २०२१ च्या टोकियो स्पर्धेपासून सुरू झाला. साहजिकच पालक विचारतात, "डॉक्टर, पोरांचे गुडघे बिघडणार नाहीत ना?" मी उलट विचारतो, "होडीतली बैठक किती उंच आहे?"

बैठक जितकी खाली, तितका शरीराचा भार खाली आणि होडी स्थिर. म्हणून नवशिक्याला खालची बैठक आवडते. पण बैठक खाली गेली की गुडघा जास्त दुमडतो. वाटीमागचा दाब वाढतो, घोटा ताणला जातो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने पायाकडे जाणारी नस बराच वेळ दबली, तर मुंग्या येतात. क्वचित पाऊल वर उचलता येईनासे होते. शेतात तासन् तास उकिडवे बसून काम करणाऱ्यांनाही हा त्रास होतो. उलट बैठक फार उंच केली तर गुडघ्याला आराम मिळतो, पण होडी डगमगते.

मग मधला मार्ग कोणता? उघड्या कॅनोत बैठक साधारण ७ ते १० इंच उंच असते. त्यात आपली उंची ठरवताना पुढील क्रम पाळावा.

पहिली गोष्ट जिवाची. आडव्या फळीची बैठक असेल तर पावले तिच्याखाली जातात. होडी उलटली की ती झटकन बाहेर आली पाहिजेत. म्हणून पाण्यात घालायचे बूट घालूनच तपासावे. बूट अडकत असेल तर बैठक उंच करावी; इथे तडजोड नको. खोगिरासारखी बैठक असेल तर पाय दोन्ही बाजूंना राहतात. मात्र मांड्यांवरचे पट्टे एका झटक्यात सुटणारे हवेत.

दुसरी गोष्ट गुडघ्यांची. घरी चटईवर रद्दीचे घट्ट बांधलेले गठ्ठे रचून त्यावर गुडघे टेकून बसा आणि वीस मिनिटे वल्हे मारल्यासारखे हात हलवा. मुंग्या आल्या किंवा गुडघा दुखला तर लगेच उठून थोडी उंची वाढवा.

तिसरी गोष्ट तोलाची. पाय मोकळे आणि गुडघे सुखात, एवढे जमले की त्याहून उंच जाऊ नये. मग सरावाबरोबर अर्धा-अर्धा इंच खाली यावे.

एक हिशेब बहुतेक जण विसरतात. गुडघ्यांखाली एक इंचाची गादी घातली की बैठक एक इंचाने खाली गेल्यासारखीच होते. गादी हवीच, पण मोजमाप गादीसह करावे. बैठकीला पुढे किंचित उतार असला तर मांड्यांना काठ रुतत नाही.

अधूनमधून काठाला लागून पाय मोकळे करावेत. बधिर पायाने एकदम खडकावर उतरू नये, घोटा मुरगळतो. संधिवात असलेल्यांनी, गुडघ्यातील गादी फाटलेल्यांनी किंवा कृत्रिम सांधा बसवलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा होडीत बसू नये. मुंग्या तासाभरात गेल्या नाहीत, गुडघा सुजला किंवा चालताना पाऊल घासू लागले, तर घरगुती लेपात वेळ न घालवता तपासून घ्यावे.

हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घालायला सांगणारे पुष्कळ भेटतात. बैठकीची उंची मात्र आपली आपणच मोजायची असते. होडी पाण्यात ढकलण्यापूर्वी ती मोजून घ्या.