संगणक सुरू होताच आपोआप चालणारे प्रोग्राम

विकत घेतला त्या वर्षी घरचा संगणक मिनिटाभरात कामास सिद्ध होत असे. आता बटण दाबून चहा घेऊन आले तरी पडदा हलत नाही, अशी तक्रार पुष्कळ शिक्षकांच्या तोंडी असते. शाळेची माहिती रात्री घरी बसून भरावयाची आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. अशा वेळी पहिली दहा मिनिटे वाया गेली म्हणजे यंत्र निकामी ठरविले जाते व नव्या यंत्राच्या खर्चाचा विचार सुरू होतो. तो खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी.

संगणकात प्रवेश करताच विंडोज ही प्रणाली ‘स्टार्टअप’ नावाचा फोल्डर व रजिस्ट्री नावाची आपली नोंदवही वाचते आणि तेथे ज्या प्रोग्रामांची नावे असतील ते एकामागून एक सुरू करते. एमएस-डॉसच्या काळी अशी यादी बहुधा संगणक वापरणाराच स्वतः लिहीत असे. आता नवा प्रोग्राम बसविताना तो आपले नाव स्वतःच यादीत घालून घेतो व घरमालकास त्याचा पत्ताही नसतो. जुन्या संगणकातील हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरील मजकूर एक हलती भुजा वाचीत असते. दहा प्रोग्रामांनी एकदम मागणी केली म्हणजे तिला क्षणोक्षणी जागा बदलावी लागते. एका घंटेला सर्व वर्ग एकाच अरुंद दारातून आत येऊ लागावेत, तसा हा प्रकार होय. एसएसडी या नव्या साठवणीत हलता भाग नसल्याने तेथे हा खोळंबा पुष्कळच कमी असतो.

ही यादी पाहण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप’ हा विभाग पाहावा. ही सोय विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. प्रत्येक नावापुढे प्रोग्राम तयार करणाऱ्याचे नाव आणि ‘इम्पॅक्ट’ म्हणजे त्याचा भार दिलेला असतो. जो प्रोग्राम सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदाहून अधिक वेळ घेतो किंवा डिस्कवर तीन एमबीहून अधिक वाचन-लेखन करतो, त्यापुढे ‘हाय’ असे लिहिलेले आढळते. नको असलेले नाव निवडून ‘डिसेबल’ करावे. याने प्रोग्राम पुसला जात नाही. तो केवळ आपण उघडल्यावाचून सुरू होत नाही. चूक वाटल्यास त्याच ठिकाणी ‘एनेबल’ करता येते.

मात्र भार अधिक दिसला म्हणून प्रत्येक नाव बंद करणे हा उतावळेपणा होय. विषाणूप्रतिबंधक प्रोग्राम, ध्वनीचा व टचपॅडचा प्रोग्राम यांस हात लावू नये. मराठी टंकलेखनाचे साधन या यादीत असल्यास तेही राहू द्यावे. वनड्राइव्हसारख्या प्रोग्रामविषयी तर विशेष विचार करावा. एखादा शिक्षक गुणपत्रक घरी तयार करतो व शाळेतील संगणकावर तेच उघडतो. घरी वनड्राइव्ह बंद असेल, तर रात्री केलेल्या दुरुस्त्या घरच्या यंत्रातच राहतात आणि सकाळी शाळेत जुनेच पत्रक समोर येते. ते तसेच छापून पालकांच्या हाती गेले तर विद्यार्थ्याचे गुण चुकतात, आणि दोष कोठे आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. उलट गाण्यांचे, खेळांचे, सभा-संभाषणाचे प्रोग्राम निःशंकपणे थांबवावेत. लागतील तेव्हा ते उघडता येतातच.

अपरिचित नाव दिसल्यास ते काय आहे हे प्रथम शोधावे. त्यावर उजवी कळ दाबली असता ‘सर्च ऑनलाइन’ असा पर्याय मिळतो. एका वेळी एक-दोनच नावे बंद करून संगणक पुन्हा सुरू करावा, म्हणजे काही बिघडल्यास कारण सापडते. घरातील मुलांचे खाते निराळे असेल, तर तेथील यादीही निराळी तपासावी लागते. काही प्रोग्राम आपल्याच सेटिंग्जमधून पुन्हा यादीत शिरतात. त्यांना तेथेच मनाई करावी.

त्याच विभागात ‘लास्ट बायॉस टाइम’ म्हणून काही सेकंदांचा आकडा बहुधा दिसतो. तो वेळ विंडोज सुरू होण्यापूर्वी यंत्राने स्वतः घेतलेला असतो. यादी कितीही छाटली तरी तो कमी होत नाही.