आधी कोणाचा रस्ता?

आषाढाचे दिवस आहेत. सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या एका लहानशा पाड्यावर रात्रभर पावसाची झड लागली आहे. शाळेचे गाव पाड्यापासून अवघ्या चार किलोमीटरांवर. परंतु वाटेत एक ओढा आडवा येतो. उन्हाळ्यात त्याचे पात्र कोरडे असते व बैलगाडी सहज पलीकडे जाते. पावसाळ्यात मात्र त्याला कमरेइतके पाणी चढते. अशा दिवशी पाड्यावरील मुले शाळेत जाऊ शकत नाहीत. शेतकऱ्याची भाजी बाजाराला पोहोचत नाही. कोणी आजारी पडलेच, तर चार माणसे त्याला झोळीत घालून ओढ्याच्या काठापर्यंत नेतात आणि पाणी उतरण्याची वाट पाहत बसतात. डोंगराळ भागातील कित्येक वस्त्यांनी असे दिवस पाहिले आहेत.

'या पाड्याला रस्ता का नाही?' असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. परंतु ज्या जिल्ह्यात हा पाडा आहे, त्याच जिल्ह्यात अशा आणखी अनेक वस्त्या असतात. रस्ता सर्वांनाच हवा असतो व प्रत्येकाची गरज खरी असते. पण जिल्ह्याच्या तिजोरीतील पैसा मोजका असतो. म्हणून खरा प्रश्न असा, की रस्ता आधी कोणाला द्यावा? ज्याचा आवाज मोठा त्याला? ज्याची ओळख मोठी त्याला? की ज्याची गरज मोठी त्याला? हा निर्णय विचाराने, मोजमापाने आणि सर्वांच्या देखत घेण्याच्या पद्धतीलाच रस्त्यांचे नियोजन म्हणतात.

रस्त्यांचे जाळे एखाद्या वृक्षासारखे असते. वृक्षाला खोड असते, खोडाला फांद्या व फांद्यांना डहाळ्या असतात. त्याचप्रमाणे रस्त्यांचेही पाच वर्ग केलेले आहेत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारे मोठे रस्ते ते राष्ट्रीय महामार्ग. राज्यातील जिल्ह्यांना व मोठ्या शहरांना जोडणारे ते राज्यमार्ग. जिल्ह्यातील मोठी गावे, बाजारपेठा व तालुक्याची ठिकाणे यांना जोडणारे ते प्रमुख जिल्हा मार्ग. त्यांहून लहान ते इतर जिल्हा मार्ग. आणि गावाला गाव जोडणाऱ्या शेवटच्या डहाळ्या म्हणजे ग्रामीण मार्ग होत. राष्ट्रीय महामार्ग ही केंद्र सरकारची जबाबदारी आहे. महाराष्ट्रात राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग यांची व्यवस्था राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग पाहतो. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग मात्र जिल्हा परिषदेच्या स्वाधीन असतात. खोड कितीही भक्कम असले, तरी डहाळीच नसेल तर पानापर्यंत रस पोहोचत नाही. महामार्ग कितीही रुंद झाला, तरी त्याला मिळणारी गावची वाट चिखलात रुतलेली असेल, तर त्याचा पाड्याला काय उपयोग?

रस्त्यांचा असा एकत्रित विचार आपल्या देशात १९४३ साली नागपूर येथे झाला. त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते. युद्ध संपल्यावर देशात रस्ते कसे वाढवावेत, हे ठरविण्यासाठी निरनिराळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते तेथे जमले. त्यांनी वीस वर्षांची योजना आखली व रस्त्यांचे वर्ग ठरविले. शेतीने विकसित झालेल्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून, म्हणजे सुमारे ८ किलोमीटरांहून, दूर असू नये, असे ध्येय त्यांनी पुढे ठेवले. ही योजना 'नागपूर योजना' या नावाने प्रसिद्ध आहे. आज पाच मैल चालत जाणे आपल्याला फार वाटते. परंतु कोणते गाव रस्त्यापासून किती दूर आहे हे मोजावे, आणि ते अंतर कमी करणे हे आपले कर्तव्य मानावे, हा विचार त्या काळी मोठा होता.

योजना नागपुरात आखली गेली, तरी तिचा शेवटचा टोकाचा भाग गावातच पुरा व्हायचा होता. कोणता ओढा कधी भरतो, कोणत्या उतारावर दरड कोसळते, आठवड्याचा बाजार कोठे भरतो, हे राजधानीत बसून समजत नाही. ते गावकऱ्यांनाच ठाऊक असते. यासाठी गावाचा कारभार गावाजवळच असावा, असा विचार पुढे आला. महाराष्ट्र राज्याने १९६१ साली जिल्हा परिषदांचा व पंचायत समित्यांचा कायदा केला आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. गावाची ग्रामपंचायत, तालुक्याची पंचायत समिती व जिल्ह्याची जिल्हा परिषद अशा तीन पायऱ्या निर्माण झाल्या. पुढे १९९२ साली ७३ वी घटनादुरुस्ती झाली. पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय तिच्यामुळे राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत नोंदविले गेले. त्यांत रस्ते, मोऱ्या, पूल व जलमार्ग हाही एक विषय आहे.

आता नियोजन प्रत्यक्षात कसे चालते, ते पाहू. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. वस्त्यांना बारमाही रस्त्याने जोडावे, हा तिचा हेतू होता. बारमाही रस्ता म्हणजे वर्षाच्या सर्व ऋतूंत वाहतूक चालू ठेवणारा रस्ता. तो डांबरीच असला पाहिजे असे नाही. पण त्यावरचे पाणी वाहून गेले पाहिजे आणि ओढ्यानाल्यांवर मोऱ्या किंवा पूल असले पाहिजेत. या योजनेत प्रथम प्रत्येक तालुक्याचा नकाशा करावयाचा होता. त्यावर सर्व वस्त्या, त्यांची लोकसंख्या, शाळा, दवाखाने, बाजार व असलेले रस्ते दाखवावयाचे होते. त्यावरून तालुक्याचा आराखडा करावयाचा, त्यावर पंचायत समितीने विचार करावयाचा व शेवटी सर्व तालुक्यांचे आराखडे एकत्र करून जिल्हा परिषदेने ते तपासावयाचे, असा क्रम ठरला होता.

कोणाला आधी, याचाही नियम होता. ज्या वस्त्यांना मुळीच बारमाही रस्ता नाही, त्यांचा विचार आधी. असलेले रस्ते सुधारण्याचे काम नंतर. रस्ता नसलेल्या वस्त्यांत १,००० व त्याहून अधिक लोकसंख्येच्या वस्त्यांचा क्रम पहिला आणि ५०० ते ९९९ लोकसंख्येच्या वस्त्यांचा दुसरा. डोंगरी राज्ये व आदिवासी क्षेत्रे यांसाठी ही मर्यादा २५० पर्यंत खाली आणली होती. कारण तेथे वस्त्या लहान व विखुरलेल्या असतात.

एका कल्पित उदाहरणाने हा हिशेब स्पष्ट होईल. समजा, एका तालुक्यापुढे दोन रस्त्यांची मागणी आहे. पहिला रस्ता ४ किलोमीटरांचा असून तो ३०० लोकांच्या एका पाड्याला जातो. दुसरा ६ किलोमीटरांचा असून वाटेतील तीन वस्त्यांना मिळून १,२०० लोकांच्या उपयोगी पडतो. पहिल्या रस्त्याच्या प्रत्येक किलोमीटरमागे ७५ लोकांची सोय होते, तर दुसऱ्याच्या प्रत्येक किलोमीटरमागे २०० लोकांची. पैसा एकाच रस्त्यापुरता असेल, तर दुसरा रस्ता आधी करणे योग्य ठरेल. यात कोणाची ओळख पाहिलेली नाही की कोणाची जात पाहिलेली नाही. नियमाचे मोठेपण हेच, की तो दुर्बळाच्या बाजूनेही तितक्याच स्पष्टपणे बोलतो.

तथापि नियमालाही मर्यादा असतात. २५० लोकसंख्येच्या वस्तीला रस्ता मिळाला आणि २४० च्या वस्तीला मिळाला नाही, तर त्या दहा माणसांच्या फरकाने तिची गरज खरोखर नाहीशी होते काय? यासाठी नियम करणाऱ्यांनी एक सवलत ठेवली होती. जवळजवळच्या, म्हणजे सपाट प्रदेशात ५०० मीटरांच्या आतील, वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येत असे. त्यामुळे कित्येक लहान पाडे मिळून एका रस्त्याचे हक्कदार होऊ शकत. ही सवलत गावकऱ्यांना ठाऊक असेल व त्यांनी ती ग्रामसभेत मांडली असेल, तरच तिचा लाभ होणार हे उघड आहे.

दुसरी गोष्ट अशी, की रस्ता हे साध्य नव्हे, साधन आहे. माणसाने शाळेत, दवाखान्यात व बाजारात सुखरूप पोहोचावे, हे साध्य आहे. आरंभी सांगितलेल्या पाड्याचाच विचार करा. चार किलोमीटरांचा पक्का रस्ता होण्यास कदाचित काही वर्षे लागतील. परंतु पाड्याची खरी अडचण तो एक ओढाच आहे. त्यावर माणसांना चालत जाण्यापुरता साकव बांधला, तर त्याला रस्त्यापेक्षा पुष्कळच कमी खर्च येईल आणि मुलांची शाळा येत्या पावसाळ्यातच बुडायची थांबेल. असा उपाय नकाशावरील रेषांवरून सहसा सुचत नाही. दररोज तो ओढा ओलांडणाऱ्या माणसालाच तो सुचतो. म्हणूनच चांगल्या नियोजनास मोजपट्टी जितकी आवश्यक आहे, तितकाच गावकऱ्यांचा अनुभवही आवश्यक आहे.

रस्ता झाला म्हणजे काम संपले, असेही नाही. पावसाचे पाणी हा रस्त्याचा मोठा शत्रू होय. कडेचे चर बुजले, की पाणी रस्त्यावर साचते, ते खडीत मुरते आणि वाहनांच्या चाकांखाली खड्डे पडू लागतात. म्हणून ग्राम सडक योजनेत रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारावरच पाच वर्षे त्याची निगा राखण्याची जबाबदारी टाकली होती. शिवाय रस्त्यावर गाडी येणे हा निराळाच प्रश्न असतो. १ जून १९४८ रोजी अहमदनगर व पुणे यांच्या दरम्यान पहिली एस. टी. धावली, त्या अहमदनगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. तेव्हापासून एस. टी. ही खेड्यापाड्यांतील लोकांची हक्काची गाडी झाली आहे. परंतु रस्ता जिल्हा परिषदेचा असतो व गाडी महामंडळाची असते. वळणे फार तीव्र असली किंवा गाडी फिरविण्यास शेवटी जागाच नसली, तर नवा रस्ता असूनही गाडी येऊ शकत नाही. यास्तव रस्ता आखतानाच त्यावर उद्या कोणते वाहन चालणार, याचा विचार करावा लागतो.

मुलांनो, तुमच्या गावाची ग्रामसभा भरते, तेव्हा रस्त्याचा विषय निघाला तर वडील माणसे काय बोलतात, ते लक्षपूर्वक ऐका. आपल्या परिसराचा नकाशा काढा. त्यात घरे, शाळा, दवाखाना, ओढे व वाटा दाखवा. पावसाळ्यात कोणती वाट किती दिवस बंद असते, याची वहीत नोंद ठेवा. 'आम्हांला रस्ता द्या' असे नुसते म्हणण्यापेक्षा, 'गेल्या पावसाळ्यात आमची वाट इतके दिवस बंद होती व इतकी मुले शाळेत जाऊ शकली नाहीत' असे सांगणाऱ्या गावाचे म्हणणे अधिक वजनदार ठरते.

आणि आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या मागणीच्या यादीत शेजारच्या लहान पाड्याची गरज आपल्याहून मोठी आहे असे दिसून आले, तर त्याचे नाव आपल्या आधी लिहिण्याचे मनोधैर्य आपल्यात असले पाहिजे. रस्ते खडी व डांबर यांचे बनतात हे खरे. परंतु त्यांचा क्रम न्यायबुद्धीने ठरला, तरच ते साऱ्या जिल्ह्याचे होतात.