प्रकाश-उत्प्रेरक लेप, कार्बन तंतूंवरील
टिटॅनियम, जस्त, कथिल इ. धातूंच्या ऑक्साइडांच्या अतिसूक्ष्म कणांचा कार्बन तंतूंवर बसविलेला पातळ थर. पाण्यातील रंजकद्रव्ये व इतर कार्बनी प्रदूषके यांचे प्रकाशाच्या साहाय्याने विघटन करण्यासाठी असे लेप तयार करतात. कणांचे आकारमान सामान्यतः १०० नॅनोमीटरपेक्षा (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जावा भाग) कमी असते. दोन वा अधिक ऑक्साइडे एकत्र असल्यास लेपाला अब्जांश संमिश्र म्हणतात.

टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या विद्युत् अग्रावर जंबुपार प्रकाश पाडल्यास पाण्याचे विघटन होते, हे फूजिशिमा आकिरा व होंडा केनिची या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले व या विषयाला चालना मिळाली. या ऑक्साइडाच्या ॲनाटेज या स्फटिकरूपात सु. ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषला गेला की, इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्टात जातो व मागे धन छिद्र उरते. छिद्रामुळे पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो आणि तो कार्बनी रेणूंचे ऑक्सिडीभवन करतो. तथापि बहुतेक इलेक्ट्रॉन व छिद्रे विक्रिया होण्यापूर्वीच पुन्हा एकत्र येतात आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. कथिल ऑक्साइडाची जोड दिल्यास इलेक्ट्रॉन त्यात उतरतात, छिद्रे टिटॅनियम ऑक्साइडात राहतात व ही हानी कमी होते. संमिश्राचे मुख्य प्रयोजन हेच होय. तंतू विद्युत् संवाहक असल्याने तोही काही इलेक्ट्रॉन वाहून नेऊ शकतो.

उत्प्रेरकाची पूड पाण्यात मिसळली तर ती उत्तम काम करते. पण नंतर ती पाण्यातून वेगळी काढणे हे जिकिरीचे व खर्चाचे काम असते. म्हणून ती आधारावर बसवितात. कार्बन तंतूचा व्यास सु. ५ ते १० मायक्रोमीटर असल्याने थोड्या वजनात पुष्कळ पृष्ठफळ मिळते, तंतूंचे कापड विणता येते व बहुतेक अम्लांचा त्यांवर परिणाम होत नाही. अडचण अशी की, तंतूचा हा निष्क्रियपणाच लेप चिकटू देत नाही. त्यामुळे कारखान्यात तंतूंवर दिलेले रेझिनाचे आवरण प्रथम ॲसिटोनाने काढतात व तंतू संहत नायट्रिक अम्लात तापवितात. पृष्ठावर कार्बॉक्सिल व हायड्रॉक्सिल गट तयार होऊन ऑक्साइडाला पकड मिळते. ही प्रक्रिया लांबल्यास मात्र तंतू दुबळे होतात.

लेपनासाठी टिटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड अल्कोहॉलात विरघळवून त्यात किंचित अम्ल व पाणी मिसळतात. तयार झालेल्या कलिली विद्रावात तंतू बुडवून संथपणे वर काढतात, वाळवितात व भाजतात. ॲनाटेज स्फटिक बनण्यास सु. ४००° ते ५००° से. तापमान लागते आणि नेमक्या याच सुमारास कार्बन हवेत जळू लागतो. म्हणून नायट्रोजनात वा आर्‌गॉनात भाजणे श्रेयस्कर असते. शिवाय तंतू लांबीच्या दिशेने जवळजवळ प्रसरण पावत नाही, ऑक्साइड मात्र पावते. परिणामी थंड होताना लेप ताणला जाऊन जाड थराला तडे जातात. एका जाड थरापेक्षा अनेक पातळ थर देण्याचे कारण हेच. टेफ्लॉनाचे अस्तर असलेल्या पोलादी दाबपात्रात १२०° ते २००° से. तापमानाच्या पाण्यात स्फटिक वाढविल्यास भाजण्याची गरज टळते. जस्त ऑक्साइडाच्या सूक्ष्म कांड्या तर सु. ९०° से. तापमानालाही तंतूंवर वाढविता येतात. परंतु अम्लयुक्त पाण्यात त्या विरघळतात.

लेपाची परीक्षा बहुधा मिथिलीन ब्ल्यू या रंजकाचा विद्राव वापरून घेतात. मात्र रंग गेला म्हणजे रंजक नष्ट झाला असे नव्हे. सच्छिद्र तंतू अंधारातही रंजक शोषून घेतात, म्हणून शोषण थांबेपर्यंत विद्राव अंधारात ठेवून मगच दिवा लावावा लागतो. विघटन पूर्ण झाले की नाही, हे पाण्यात उरलेला एकूण कार्बनी कार्बन मोजल्यावरच कळते. वापरलेला तंतू धुऊन पुनःपुन्हा तपासणे व पाण्यात सुटलेले ऑक्साइड मोजणेही तितकेच आवश्यक असते. तंतू काळे असल्याने जुडीच्या आतील भागात प्रकाश फारसा पोहोचत नाही व तेथील लेप निरुपयोगी ठरतो. यासाठी विरळ विणीचे कापड किंवा पातळ नमद्यासारखी रचना वापरतात.