नवे गोंदण आणि आखाड्याची माती

गोंदण म्हणजे त्वचेला ठरवून केलेली जखम. टॅटूच्या मशिनची सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते आणि वरची बाह्यत्वचा ओलांडून खालच्या थरात रंग सोडते. बाह्यत्वचेच्या पेशी सतत झडत असतात, त्यामुळे रंग तिथेच राहिला असता तर महिना-दोन महिन्यांत पुसला गेला असता. खालच्या थरात शरीराच्या भक्षक पेशी रंगाचे कण गिळून बसतात. त्या पेशी मेल्या की सुटलेले कण जवळच्या नव्या पेशी गिळतात. फ्रान्समधल्या मार्से शहरातल्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवून दिले. गोंदण जन्मभर टिकते ते या देवाणघेवाणीमुळे. पण रंग नीट बसायला वरची जखम आधी शांतपणे भरावी लागते, आणि कुस्तीच्या सरावात नेमकी तीच शांतता मिळत नाही.

अंबरनाथ परिसरात गोंदण आणि कुस्ती या दोन्ही गोष्टी जुन्या आहेत. मलंगगडाच्या पायथ्याच्या ठाकर आणि कातकरी पाड्यांवर म्हाताऱ्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, दंडावर हिरवट निळी गोंदणे अजून दिसतात. ठाणे-रायगडकडच्या आगरी गावांत जत्रेला कुस्त्यांचा फड लागतो. फरक एवढाच, की गोंदून घेतलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी आखाड्यात उतरायचे नव्हते (शेतात मात्र जावेच लागे). आज छातीवर हनुमान, मानेवर त्रिशूळ किंवा मनगटावर आईचे नाव काढून घेणारा मुलगाच संध्याकाळी तालमीत असतो, नाहीतर गादीवर ज्युडो किंवा जिउ-जित्सू शिकत असतो. पहिल्या चार दिवसांतच त्याचा प्रश्न येतो, की सरावाला परत कधी जायचे?

उत्तर कॅलेंडरपेक्षा त्वचेवर अवलंबून आहे, तरी अंदाज बांधता येतो. पहिले दोन-तीन दिवस जखमेतून लस आणि जादाचा रंग पाझरतो, भोवतालची जागा लाल आणि गरम राहते. मग खाज सुटते, पातळ खपली धरते आणि साप कात टाकतो तशी त्वचा सोलून निघते. दोन ते तीन आठवड्यांत वरचे आवरण बहुतेक बंद होते. खालचा थर पूर्ववत व्हायला दोन-तीन महिने लागतात. अंगाला अंग लागणारा सराव खपली पूर्ण पडेपर्यंत आणि ओलसरपणा, चकाकी किंवा दुखरेपणा जाईपर्यंत बंद ठेवावा. लहान गोंदणाला यासाठी साधारण तीन आठवडे लागतात. मोठ्या, गच्च रंग भरलेल्या गोंदणाला चार किंवा त्याहूनही अधिक.

एवढे थांबायचे कारण एक तर घर्षण. घिस्सा या डावाच्या नावातच घासणे आहे. एकेरी पट काढताना डोके, कान आणि खांदा समोरच्याच्या मांडीवर घासतात, खडाखडीत मान आणि मनगट सतत पकडले जाते. जिउ-जित्सूचा जाड सुती अंगरखा तर नव्या त्वचेवर किसणीसारखा फिरतो. खपली वेळेआधी निघाली की तिच्याबरोबर रंगही जातो. चित्रात पांढरे डाग पडतात, कधी वण उठतो. तरीही हे नुकसान पैशांचे आणि शोभेचे. पुन्हा रंग भरून ते दुरुस्त करता येते.

दुसरे कारण संसर्गाचे आहे आणि ते अधिक गंभीर. कुस्तीत त्वचेचे रोग एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर सहज जातात. गळवे आणि पुवाचे फोड आणणारा स्टॅफिलोकोकस जंतू, नायट्याची बुरशी आणि नागिणीच्या कुळातला हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू हे त्यातले मुख्य. कुस्तीगिरांमध्ये पसरणाऱ्या हर्पिसला वैद्यकात 1964 पासून वेगळे नावही आहे. 1989 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात भरलेल्या एका कुस्ती शिबिरात 175 पैकी 60 मुलांना त्याची लागण झाली होती. साध्या खरचटण्यातून शिरणाऱ्या रोगासाठी सुईने हजारो ठिकाणी टोचलेली त्वचा म्हणजे उघडे दारच. धोका दोन्हीकडून असतो. ताज्या गोंदणातून रक्त किंवा लस येत असेल तर जोडीदारालाही त्याचा उपद्रव होऊ शकतो. गोंदणाऱ्याने प्रत्येक गिऱ्हाईकाला नवी सुई आणि नवा रंग घेतला नसेल, तर त्यात हेपॅटायटिस बी आणि सी यांचीही भर पडते. जत्रेत रस्त्याकडेला बसून मशिनने नाव काढून देणाऱ्याकडे ही खात्री मिळत नाही.

नायट्याबद्दल थोडे जास्त सांगायला हवे. भारतात गेल्या काही वर्षांत नेहमीच्या औषधाला दाद न देणारा नायटा पसरला आहे. त्यामागच्या बुरशीला 2020 मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले. औषधाच्या दुकानातून डॉक्टरांना न विचारता आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे हा रोग दाबतात, पण बरा करत नाहीत. गोंदणाची खाज थांबावी म्हणून असली ट्यूब लावणे हा तालमीतल्या सल्ल्यांपैकी सगळ्यांत वाईट सल्ला म्हणावा लागेल.

मातीचा आखाडा आणि गादी यांत या बाबतीत मोठा फरक आहे. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि त्यांच्या विजेत्यांत अंतिम लढत होते. त्यामुळे बरेच पैलवान दोन्हीकडे सराव करतात. तालमीच्या लाल मातीत ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर घालून ती तयार करतात. यामुळे माती मऊ राहते, अंगाला लागत नाही आणि तिला सुगंध येतो. ती जंतुनाशक होते हा समज मात्र चुकीचा आहे. मातीत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू वर्षानुवर्षे टिकतात आणि चिमूटभर हळदीने मरत नाहीत. म्हणून गोंदण करण्याआधीच धनुर्वाताची लस किती वर्षांपूर्वी घेतली ते पाहावे. दहा वर्षे झाली असतील तर पुन्हा घ्यावी.

मातीचा आणखी एक उपद्रव सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. रस्त्यावर घसरून पडलेल्याच्या गुडघ्यात डांबराचे बारीक कण राहतात आणि निळसर डाग कायमचा बसतो. गोंदणातही रंगाचे कण त्वचेत अडकवायचे असतात, तत्त्व तेच. उघड्या गोंदणावर मूठभर माती चोळली तर तिचे कणही चित्रात मुक्कामाला येऊ शकतात.

थांबण्याचे दिवस म्हणजे घरी लोळण्याचे दिवस नव्हेत. पहिले दोन-तीन दिवस घाम गाळणे टाळावे. त्यानंतर गोंदण ज्या भागावर नाही त्या भागाचा व्यायाम सुरू करता येतो. दंडावर गोंदण असेल तर बैठका चालतात. पायावर असेल तर जोर मारता येतात, पण छातीवर किंवा खांद्यावर असेल तर जोर नकोत, कारण प्रत्येक जोराला तिथली त्वचा ताणली जाते. दोरावर चढणेही तोवर नको. व्यायामानंतर लगेच साध्या साबणाने हलक्या हाताने धुऊन, टिपून कोरडे करावे आणि मलमाचा अगदी पातळ थर द्यावा. परत आल्यावर पहिला आठवडा ओळखीच्या जोडीदाराबरोबर हळू डाव घोटावेत, मग लढत. या काळात अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा बनियन उपयोगी पडतो, पण तो भरलेल्या त्वचेचे रक्षण करतो, उघड्या जखमेचे नाही. गोंदणावर लावायच्या पारदर्शक चिकट पट्टीचेही तसेच. घाम आणि रेटारेटीत तिची कड सुटते आणि आत घाण कोंडते. स्पर्धेत एक वेगळीच अडचण येते. जागतिक कुस्ती संघटनेच्या नियमांप्रमाणे अंगाला तेलकट किंवा चिकट पदार्थ लावून गादीवर उतरता येत नाही. मलमाशिवाय कोरडी पडणारी त्वचा अजून तयार नाही, एवढे त्यावरून ओळखावे.

अंबरनाथ-बदलापूरच्या हवेचाही विचार करायला हवा. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, लंगोट ओला राहतो आणि नायट्याला बहर येतो. उल्हास नदीचे पाणी चढले की खालच्या वस्त्यांत गटाराचे पाणी पायाला लागते, अशा वेळी पोटरीवरचे ताजे गोंदण नसलेलेच बरे. नदीत किंवा तलावात पोहणे तर वरचे आवरण बंद होईपर्यंत वर्ज्यच. कारखान्यात रसायनांशी संबंध येणाऱ्याने हाताचे गोंदण सुट्टीत करावे. सकाळच्या लोकलमध्ये दंड शेजाऱ्याच्या बॅगेवर घासणार हेही गृहीत धरावे. मोठ्या गोंदणाला जत्रांचा हंगाम संपल्यानंतरचे आणि मोठ्या स्पर्धेपासून किमान सहा आठवडे दूरचे दिवस निवडावेत.

जागा निवडताना पैलवानांच्या डोक्यात बहुधा भरती असते. लष्कराच्या नियमात कायमचे गोंदण कोपराच्या आतील बाजूपासून मनगटापर्यंत आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूलाच चालते. आदिवासी जमातींना त्यांच्या परंपरेप्रमाणे सवलत आहे. योगायोग असा, की कुस्तीत सर्वांत जास्त पकडला जाणारा भागही हाच. भरतीकडे डोळे लावून हातावर गोंदणाऱ्याने तालमीतली सुट्टी आठवडाभर वाढवूनच धरावी.

लाली दिवसेंदिवस पसरत असेल, पू येत असेल, ताप असेल, काखेत किंवा जांघेत गाठ आली असेल, नाहीतर पाण्याच्या फोडांचा घोस उठला असेल, तर सराव बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि जोडीदारालाही सांगावे. लाल रंगाची जागा महिन्यांनंतरही उंचवटलेली आणि खाजरी राहिली तर ती बहुधा रंगाची ॲलर्जी असते. तीही डॉक्टरांनाच दाखवावी.

त्वचा नीट भरली तर पैलवान महिन्याभरात मातीत परततो. रक्तपेढी मात्र गोंदणानंतर 12 महिने त्याचे रक्त घेत नाही.