रंगांची खोली

संगणकाच्या सेटिंगमध्ये ‘कलर डेप्थ’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे ८, १६ किंवा ३२ बिट असा आकडा. मराठीत तिला रंगांची खोली म्हणावे. ‘खोली’चे दोन्ही अर्थ इथे लागू पडतात. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला आपला रंग लिहून ठेवायला मेमरीत किती जागा मिळाली आहे, एवढेच तो आकडा सांगतो. एक बिट वाढला की रंग दुप्पट. आठ बिटांत २५६, सोळांत ६५,५३६, चोवीसमध्ये १,६७,७७,२१६. बत्तीसमध्येही रंग बहुधा तेवढेच. उरलेले आठ बिट पारदर्शकतेला दिलेले किंवा नुसते रिकामे.

ही जागा महाग होती तेव्हा काय होत असे, ते टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअरच्या ‘डूम’ (१९९३) या खेळात पाहावे. आडवे ३२० आणि उभे २०० असे ६४,००० ठिपके, प्रत्येकाला एक बाइट म्हणजे आठ बिट. पण त्या बाइटात रंग नसतोच, असतो फक्त क्रमांक. कोणत्या क्रमांकाचा रंग कोणता, हे वेगळ्या तक्त्यात लिहिलेले. आयबीएमच्या १९८७ च्या व्हीजीए पद्धतीत २,६२,१४४ छटांमधून कोणत्याही २५६ निवडून हा तक्ता भरता येई.

आता अंधार कसा आणायचा? लांबची भिंत काळवंडायला हवी, पण नवे रंग तर मिळणार नाहीत. म्हणून उजेडाच्या ३२ पायऱ्यांसाठी ३२ याद्या आधीच करून ठेवल्या: अमुक क्रमांक इतका काळवंडला, तर याच २५६ मधला त्याला सर्वांत जवळचा कोणता? ‘डूम’मधला अंधार म्हणून पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. खेळणाऱ्याला मार बसला की सारा पडदा लाल होतो, ती करामत मात्र मला त्याहून मोठी वाटते. त्यासाठी ६४,००० पैकी एकाही ठिपक्याला हात लावत नाहीत; फक्त तक्ता बदलतात. क्रमांक तेच, अर्थ निराळे. ठिपक्यातच रंग लिहिलेला असता, तर प्रत्येक ठिपक्याचा हिशेब नव्याने करावा लागला असता, आणि त्या काळच्या पीसीला ते झेपले नसते.

पुढे सोळा बिट आले. लाल आणि निळ्याला पाच-पाच, हिरव्याला मात्र सहा. हा पक्षपात आपल्या डोळ्याचा आहे. उजेडाचे बारीक फरक त्याला हिरव्यात अधिक कळतात. तरी लालच्या छटा ३२ च, त्यामुळे संध्याकाळच्या आभाळात पट्टे उमटत. ते लपवायला दोन छटांचे ठिपके एकमेकांत मिसळून टाकत. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला की दिसते तसेच काहीसे.

चोवीस बिटांनी प्रश्न मिटला असे वाटते खरे, पण तिथेही प्रत्येक मूळ रंगाच्या छटा २५६ च. धुके, रात्रीचे आभाळ, मिणमिणता दिवा असे दृश्य अंधाऱ्या खोलीत पाहिले, की पट्टे पुन्हा डोकावतात. दहा बिटांचे पडदे निघाले ते यासाठीच. त्यांत प्रत्येक मूळ रंगाच्या छटा १,०२४ होतात; अर्थात खेळ, संगणक आणि पडदा तिघेही दहा बिटांचे असतील तरच.