लूपच्या अटीतील रेग्युलर एक्सप्रेशन

रेग्युलर एक्सप्रेशन (संक्षेपाने रेगेक्स) ही मजकुरातील विशिष्ट रचना शोधण्यासाठी वापरली जाणारी सांकेतिक मांडणी आहे. स्क्रिप्टमध्ये ती अनेकदा लूपच्या अटीत लिहिली जाते. ही अट प्रत्येक फेरीत नव्याने तपासली जात असल्याने एका तपासणीतील किरकोळ विलंबही लाखो ओळींच्या फाइलवर मोठा ठरतो.

पार्श्वभूमी

या संकल्पनेचा गणिती पाया स्टीफन क्लीनी यांनी १९५०च्या दशकात घातला. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये रेगेक्सने मजकूर शोधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. युनिक्समधील ग्रेप ही आज्ञावलीही त्यांचीच.

कंपाइल करणे

जुळणीपूर्वी रेगेक्सचे अंतर्गत रूपात रूपांतर (कंपाइल) करावे लागते. जावामधील स्ट्रिंगची मॅचेस ही पद्धत हे काम प्रत्येक वेळी करते. म्हणून पॅटर्न लूपबाहेर एकदाच कंपाइल करणे श्रेयस्कर असते. पायथन अलीकडे वापरलेले पॅटर्न स्मृतीत राखून ठेवते. शेल स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओळीसाठी ग्रेप चालवल्यास दर फेरीला नवी प्रक्रिया सुरू होते. त्याऐवजी संपूर्ण फाइल ग्रेपला एकदाच देणे किंवा बॅशमधील अंगभूत जुळणी वापरणे अधिक वेगवान ठरते.

अनंत लूप

जावास्क्रिप्टमध्ये एक्झेक ही पद्धत पुढील जुळणीची जागा रेगेक्समध्येच नोंदवते. त्यासाठी 'जी' हा ध्वज आवश्यक असतो. रेगेक्स थेट लूपच्या अटीत लिहिल्यास प्रत्येक फेरीत नवे रेगेक्स तयार होते, जुनी नोंद नष्ट होते आणि पहिलीच जुळणी पुन्हा पुन्हा सापडून लूप संपत नाही.

मागे फिरून शोध

अनेक इंजिने जुळणी फसल्यास मागे फिरून दुसरा मार्ग तपासतात. '(अ+)+$' हा पॅटर्न ३० 'अ' व शेवटी 'ब' असलेल्या ओळीवर लावल्यास 'अ'चे गट पाडण्याचे ५३ कोटींहून अधिक मार्ग निर्माण होतात. त्याच अर्थाचा 'अ+$' हा पॅटर्न ही वाढ टाळतो. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरच्या सुरक्षा नियमांतील अशाच एका रेगेक्समुळे जगभरातील असंख्य संकेतस्थळे सुमारे अर्धा तास विस्कळीत झाली. हा नियम येणाऱ्या विनंत्यांवर तपासला जात होता. गूगलचे आरई२ आणि गो भाषेतील रेगेक्स इंजिन मागे फिरत नाहीत, त्यामुळे लागणारा वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो.

पर्याय

ठरावीक शब्दच शोधायचा असल्यास साधा स्ट्रिंग शोध पुरेसा असतो. अटीत अनेक तपासण्या असल्यास स्वस्त तपासणी आधी ठेवल्याने बहुतेक ओळी रेगेक्सपर्यंत पोहोचतच नाहीत.